व्हिडिओ आहे, मग चौकशी कशाला?

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. साडेतीनशे कामगारांच्या कारखान्यात एचआर सांभाळणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांच्याकडे बारा वर्षं नोकरी झालेला एक मशीन ऑपरेटर तिसऱ्या पाळीत पहाटे झोपलेला सापडला. सुपरवायझरने हलवून उठवलं, तेव्हा त्याने चार लोकांदेखत शिवी हासडली. सुपरवायझरकडे मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आहे. मालक म्हणतात, उद्यापासून गेटच्या आत नको. मग व्हिडिओ असताना चौकशीशिवाय थेट बडतर्फ करता येईल का, की गोडीगुलाबीने राजीनामा लिहून घ्यावा?

दोन्ही करू नका. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही, कारण तुमची खरी अडचण व्हिडिओची नाहीच. तुमच्याकडे शिक्षा आधी ठरली आहे आणि आता तिला शोभेल असा कागद हवा आहे. मी काही वर्षं कारखान्यात पर्सोनेल खात्यात काढली, नंतर बाहेरून चौकशी अधिकारी म्हणून काम करत आलो. कामगार न्यायालयात कोसळलेल्या बडतर्फ्यांमध्ये मला पुराव्याची कमतरता फार क्वचित दिसली. बहुतेक वेळा गैरवर्तन झालेलं असतंच. फसतं ते 'किती शिक्षा' या प्रश्नावर, कारण तो प्रश्न कुणी स्वतःला विचारलेलाच नसतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. ऑपरेटर म्हणजे कायद्याच्या अर्थाने कामगार, यात फारसा वाद होणार नाही. सुपरवायझर असता तर पगाराची मर्यादा बघावी लागली असती. तो कायम आहे की कंत्राटदाराचा, हे पाहा. युनियनबरोबर एखादा वाद प्रलंबित आहे का, हेही पाहा. असेल आणि त्या वादाशी संबंधित कामगार असेल, तर बडतर्फ करताना एक महिन्याचा पगार देऊन मंजुरीचा अर्ज करावा लागतो. हे विसरल्यामुळे चांगल्या चांगल्या केस गेलेल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात स्थायी आदेशांसाठी, म्हणजे कारखान्याच्या नोकरी-शिस्तीच्या लेखी नियमांसाठी, तीनशे कामगारांची मर्यादा आहे आणि तुम्ही तिच्या वर आहात. तेव्हा तुमचे स्थायी आदेश आज नेमके कोणत्या अवस्थेत आहेत, हे वकिलाकडून लेखी घ्या. मी पुढे जे सांगतोय त्याचा गाभा मात्र जुन्या आणि नव्या कायद्यात सारखाच आहे.

तो गाभा समजायला थोडं मागे जावं लागेल. १९५८ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टीलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की न्यायाधिकरण म्हणजे मालकाच्या निर्णयावरचं अपील कोर्ट नव्हे. मालकाचा हेतू वाईट असेल, छळ असेल, नैसर्गिक न्याय (बाजू मांडायची निष्पक्ष संधी) पाळला नसेल किंवा निष्कर्षाला आधारच नसेल, तरच हात घालायचा. म्हणजे गैरवर्तन सिद्ध झालं आणि चौकशी नीट झाली, की शिक्षा किती हा मालकाचा प्रश्न. मग १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ आलं आणि चित्र पालटलं. आता न्यायालय म्हणू शकतं, 'गैरवर्तन झालं हे मान्य, पण एवढ्यासाठी नोकरी घालवणं योग्य नाही,' आणि स्वतःच कमी शिक्षा देऊ शकतं. नव्या संहितेतही हा अधिकार न्यायाधिकरणाकडे आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, त्या गैरवर्तनाचं स्वरूप आणि कामगाराची आधीची नोकरी न बघता, धक्का बसावा इतकी मोठी शिक्षा देणं हीच एक अनुचित प्रथा ठरवली.

त्या वाक्यातली 'आधीची नोकरी' अधोरेखित करून ठेवा. तुमच्या प्रश्नात तिच्याबद्दल 'बारा वर्षं' यापलीकडे एक अक्षर नाही.

झोपेच्या बाबतीत मालक मंडळी नेहमी भारत फोर्जचा निकाल पुढे करतात. तो पूर्ण वाचायला हवा. २६ ऑगस्ट १९८३, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं, पहिली पाळी. एक हेल्पर कामाच्या जागी लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. चौकशी झाली, बडतर्फ केलं. कामगार न्यायालयाने शिक्षा जास्त ठरवून त्याला परत घ्यायला सांगितलं, मधल्या पायऱ्यांवर निकाल उलटसुलट होत गेले आणि शेवटी जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. यावरून 'झोपला की काढता येतं' असा अर्थ लोक काढतात. पण त्या माणसावर याआधी तीनदा गैरवर्तन सिद्ध झालं होतं आणि तिन्ही वेळा किरकोळ शिक्षेवर सोडून दिलं होतं. ही चौथी वेळ होती. कंपनी जिंकली ती त्या तीन जुन्या कागदांच्या जोरावर. आणि जिंकायला एकवीस वर्षं लागली, हेही मालकांना सांगा.

शिवीच्या बाबतीत दोन निकाल शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. १९८२ सालच्या एका प्रकरणात कामगाराने वरिष्ठाला धमकीवजा भाषा वापरली होती. चौदा वर्षांच्या नोकरीत त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी काढून टाकली आणि दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली. उलट २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या खटल्यात कामगाराने वरिष्ठाला इतरांदेखत, एकदा नव्हे तर दोनदा, अत्यंत घाणेरड्या शिव्या दिल्या होत्या. खालच्या न्यायालयांनी त्याला परत घ्यायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. त्या निकालात एक महत्त्वाची गोष्ट आहे: ११-अ चा अधिकार दया म्हणून वापरायचा नाही. शिक्षा प्रमाणाबाहेर असणं, सौम्य करणारी परिस्थिती असणं किंवा आधीची वर्तणूक चांगली असणं, असं काहीतरी रेकॉर्डवर दिसलं पाहिजे.

म्हणजे 'शिवी दिली तर काय शिक्षा?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही. कुणी दिली, कुणाला, कशावरून, किती वेळा, नंतर काय झालं, माफी मागितली का, यावर सगळं ठरतं. रागाच्या भरात तोंडातून गेलेला एक शब्द आणि माणसाला ठरवून चारचौघांत खाली दाखवणं, यांत फरक असतो. शॉपफ्लोअरवर वावरलेल्या कुणालाही तो कळतो. चौकशीत तो कागदावर उतरवायचा असतो, एवढंच.

याच जातीची एक चौकशी मी चालवली होती, ती सांगतो. तिथेही रात्रपाळीतली झोप, तिथेही व्हिडिओ. व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने तो पहिल्याच बैठकीत लावला. चौदा सेकंदांचा होता. माणूस स्टुलावर, डोकं कंट्रोल पॅनेलला टेकलेलं. सगळ्यांचे चेहरे 'आता काय उरलं' असे. मग उलटतपासात बचाव प्रतिनिधीने, युनियनचा एक शांत माणूस होता, सुपरवायझरला विचारलं, 'हा गडी कारखान्यात किती वाजता आला होता?' सुपरवायझर म्हणाला, रात्री अकराला. 'गेटचं रजिस्टर बघून सांगा.' रजिस्टर मागवलं. त्याची नोंद दुपारी तीनची होती. दुसऱ्या पाळीत काम करून तो तिसरीला थांबला होता, कारण रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा बदली माणूस, आला नव्हता. पुढचा प्रश्न आला, 'त्याला थांबायला कुणी सांगितलं?' सुपरवायझर व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीकडे बघत बसला. मी रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या रोजच्या नोंदीत, लिहिलं, 'साक्षीदार उत्तर देत नाही,' आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या.

झोप सिद्ध झालीच होती, माझ्या अहवालातही मी तसंच लिहिलं. पण त्या एका ओळीनंतर बडतर्फीचा आदेश काढायची हिंमत कंपनीच्या वकिलाला झाली नाही. शेवटी चार दिवसांचं बिनपगारी निलंबन झालं. तुमच्या माणसाचं गेट रजिस्टर तुम्ही पाहिलंय का? मालकांना दाखवण्याआधी ते स्वतः बघा.

चौकशी का करायची, याचं माझ्या दृष्टीने खरं कारण हे आहे. कायद्यात आहे म्हणून ती करायचीच, पण व्हिडिओ 'काय झालं' एवढंच दाखवतो आणि शिक्षा ठरवायला 'का झालं' तेही लागतं.

आता प्रत्यक्ष काम. आरोपपत्र मराठीत द्या, त्याला वाचता येईल अशा भाषेत. 'अपशब्द वापरले' असं मोघम लिहू नका. जो शब्द उच्चारला गेला तो जसाच्या तसा लिहा, टाइप करताना कितीही लाज वाटली तरी. ऑफिसमधल्या मुली टाइप करायला तयार नव्हत्या म्हणून 'असभ्य भाषा' लिहिलं, असं मला एका अधिकाऱ्याने सांगितलं होतं. पुढे न्यायालयात पहिला प्रश्न आला, 'कोणती भाषा?' तारीख, वेळ, जागा, मशीन चालू होतं की बंद, शेजारी कोण होतं, सगळं लिहा. आणि स्थायी आदेशातल्या कोणत्या कलमाखाली हे येतं, ते नमूद करा. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या १९८४ च्या निकालापासून हे पक्कं आहे की स्थायी आदेशात जे गैरवर्तन म्हणून लिहिलेलं नाही, त्यासाठी शिक्षा देता येत नाही. शिवी 'शिस्तीला बाधक वर्तन' यात सहज बसेल. झोपेसाठी तुमच्या आदेशांत नेमके कोणते शब्द आहेत ते बघा. 'सवयीने हलगर्जीपणा' असा शब्द असेल तर एका रात्रीची झोप ही सवय कशी, हा प्रश्न येणारच.

व्हिडिओबद्दल. खात्याच्या चौकशीला पुराव्याचा कायदा शब्दशः लागू होत नाही, पण न्याय्य वागणं लागू होतं. ज्याने चित्रण केलं त्याने साक्ष द्यायला हवी, कामगाराला ते दाखवायला हवं, प्रत द्यायला हवी आणि त्यावर उलटतपास करू द्यायला हवा. मूळ मोबाइलमधली फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली चालवू नका. शिवी व्हिडिओत ऐकू येत नसेल, तर ज्या चार लोकांदेखत दिली त्यांतले दोघे तरी साक्षीला लागतील. एकटा सुपरवायझर पुरेल असं धरून चालू नका.

कामगाराला सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी द्या. तो वकील मागेल. साधारणपणे नाही म्हणता येतं, पण तुमच्या बाजूने कायदा शिकलेला माणूस बसणार असेल तर नाही म्हणू नका. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या १९८३ च्या प्रकरणात यावरूनच चौकशी रद्द झाली. सुपरवायझर स्वतःच चौकशी अधिकारी होणार नाही, हे सांगायला नको. पण मी एका ठिकाणी ते पाहिलंय, म्हणून सांगतोय.

निलंबित करायचं असेल तर निर्वाह भत्ता द्या, पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे पाऊण, आणि चौकशी ९० दिवसांत संपवा. भत्ता अडवून ठेवलेल्या कामगाराला चौकशीला यायला बसभाडं नव्हतं, हा बचाव हसण्यावारी नेऊ नका, तो चालतो. तुमच्या केसमध्ये निलंबनाची गरज आहे का, हाही विचार करा. तो पुरावा बिघडवणार नाही, सुपरवायझरवर धावून जाणार नाही, तर पाळी बदलून भागेल. घरी बसवून निम्मा पगार देण्यापेक्षा तो मशीनवर असलेला बरा.

अहवाल आल्यावर त्याची प्रत कामगाराला द्यायची आणि त्याचं म्हणणं मागवायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या ईसीआयएल (इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) खटल्यातल्या १९९३ च्या निकालानंतर यात पळवाट नाही. मी अहवालात शिक्षेबद्दल एक शब्दही लिहीत नाही, ते माझं काम नव्हे. एका कंपनीचा बडतर्फीचा आदेश माझ्या हातात आला होता, त्यावरची तारीख माझ्या अहवालाच्या दोन दिवस आधीची होती. कुणीतरी आधीच टाइप करून ठेवला होता आणि तारीख बदलायला विसरला. इतका प्रामाणिक कागद मी दुसरा पाहिला नाही.

मग दुसरी कारणे दाखवा नोटीस. इथे आधीची वर्तणूक येते. जुने मेमो, ताकीदपत्रं, निलंबनं शिक्षेसाठी वापरायची असतील तर या नोटिशीत ती तारखांसह लिहा. साठच्या दशकापासून न्यायालय सांगतंय की जे माणसाला दाखवलं नाही ते त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. आणि तुमच्या माणसाची फाइल कोरी असेल तर तेही आदेशात लिहा. 'बारा वर्षांच्या नोकरीत याआधी काही नाही, हे लक्षात घेतलं' असं लिहिलेला आदेश न्यायालयात टिकण्याची शक्यता जास्त असते. आपण विचार केला होता हे त्यातून दिसतं.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. गेल्या पाच-सात वर्षांत तुमच्याकडे झोपेसाठी किंवा शिवीगाळीसाठी कुणाकुणाला काय शिक्षा झाली, याची यादी काढा. मालकांच्या मर्जीतल्या कुणाला 'समज दिली' आणि याला घरी पाठवलं, असं निघालं तर बाकी सगळं पाण्यात. युनियनकडे ही यादी असतेच, तुमच्याकडे नसते.

'चौकशीच केली नाही तर काय?' असंही तुम्ही विचाराल. १९७३ च्या फायरस्टोनच्या निकालाप्रमाणे मालकाला न्यायालयासमोर पहिल्यांदा पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करण्याची संधी मिळते, पण ती लेखी कैफियतीतच, म्हणजे न्यायालयात दिलेल्या आपल्या लेखी उत्तरातच, मागून ठेवावी लागते. म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही. पण तोवर वर्षं जातात, सुपरवायझर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, आणि सेवासमाप्ती चुकीची ठरली तर मधल्या काळाच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलं की अशा वेळी पूर्ण मागील पगार हा नियम आहे. आपण मधल्या काळात कमावत नव्हतो एवढं कामगाराने सांगायचं, कमावत होता हे मालकाने सिद्ध करायचं. आठ वर्षांचा पगार एकरकमी द्यायची वेळ आलेल्या मालकाचा चेहरा मी पाहिला आहे.

राजीनाम्याबद्दल थोडक्यात. केबिनमध्ये बोलावून, दार लावून, 'सही कर नाहीतर पोलिसात देतो' म्हणून घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो. दुसऱ्याच दिवशी त्याचं रजिस्टर पत्र येतं, 'दबावाखाली सही घेतली.' मग तुमची केस गैरवर्तनाची राहत नाही, तुमच्याच वागण्याची होते. तो स्वतःहून, सल्ला घेऊन, हिशेब मागत आला तर गोष्ट वेगळी.

तुम्ही सांगितलेल्या माहितीवर माझा अंदाज विचाराल तर असा आहे. फाइल कोरी असेल, झोपेमागे डबल ड्युटीसारखं काही असेल आणि शिवी एकदाच गेली असेल, तर बडतर्फी टिकणार नाही. चार दिवसांचं निलंबन किंवा स्थायी आदेशात तरतूद असेल तर एक-दोन वेतनवाढी रोखणं, आणि सोबत कडक शब्दांत अंतिम ताकीद, एवढं टिकेल. फाइलमध्ये याच प्रकारच्या दोन-तीन शिक्षा आधीच असतील, किंवा त्या रात्री मशीन चालू सोडून झोपल्यामुळे कुणाचा हात जाता जाता वाचला असेल, तर चित्र उलटं आहे. मग बडतर्फीचा विचार खुशाल करा, पण चौकशीनंतर.

मालकांना हे समजावणं सोपं नाही, कल्पना आहे. मी असतो तर त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले असते. एक, त्या ऑपरेटरची बारा वर्षांची सर्व्हिस शीट. दुसरा, त्या रात्रीचं गेट रजिस्टर. आणि ते दोन्ही वाचून होईपर्यंत आरोपपत्राचा मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवला नसता.